पायरिडोस्टिग्मिन ६०ची गोळी: अण्णांच्या अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा रिव्ह्यू

लोक मिक्सरचे रिव्ह्यू लिहितात, इन्व्हर्टरचे लिहितात, मी एका गोळीचा लिहितेय. मागच्या मे महिन्यात अण्णांना (माझे वडील, वय ६४, देवगड तालुक्यात हापूसची बाग) स्नायू दमवणाऱ्या एका आजारासाठी ही गोळी सुरू झाली तेव्हा मी रात्रभर मोबाईलवर शोधत होते की घरात ही गोळी वापरणं म्हणजे नक्की काय असतं, आणि मराठीत काहीच धड मिळालं नाही. जे मिळालं ते 'स्नायूंच्या कमजोरीवर गुणकारी' एवढंच. अहो पण किती वेळ गुणकारी, जेवणाआधी की नंतर, पोट का बिघडतं, पावसाळ्यात गोळी का विरघळते, हे कोण सांगणार. म्हणून हा खटाटोप.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, बी.एस्सी. केमिस्ट्री करून कणकवलीत क्लास घेते. डोस बिस मला विचारू नका, प्रत्येकाचा वेगळा असतो.

सुरुवात चष्म्यापासून झाली. मार्चमध्ये पेट्या भरायचं काम चालू होतं, मी रविवारची मदतीला गेलेली, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास अण्णा हातात आंबा धरून नुसते बसले. मग मला म्हणाले, "गो, हेच्यात पाच डझन आसत की सहा? माका दोन दोन दिसतत." चाळीस वर्षं पेटी भरणारा माणूस, नुसत्या हाताच्या वजनावरून हा आंबा चार डझनी पेटीतला की सहा डझनी ते सांगणारा, आणि आता मोजणी चुकतेय. आम्ही चष्मेवाल्याकडे नेलं. त्याने नंबर बदलून दिला. पंधरा दिवसांनी परत तेच, तर त्याने परत नंबर बदलून दिला, वर प्रोग्रेसिव्ह काचा घ्या म्हणून गळ्यात मारल्या. दुकानाचं नाव घेत नाही, पण त्या दोन चष्म्यांचे पैसे आजही डोळ्यासमोर येतात आणि तेही दोन दोन.

गंमत म्हणजे सकाळी सगळं ठीक असायचं. सकाळी पेपर वाचायचे, दुपारनंतर उजवी पापणी खाली यायला लागायची आणि संध्याकाळी अर्धा डोळा झाकलेला. बोटाने पापणी वर धरून टीव्ही बघायचे. शेजारच्या काकांनी बघितलं आणि त्यांचा पहिला प्रश्न, "रात्री खाली झोपलेलंस? मण्यार बिण्यार तर नाय ना चावली?" आम्ही हसलो तेव्हा. पुढे कळलं की काकांचा अंदाज चुकीचा होता पण पत्ता बरोबर होता, त्यावर येते.

मग जेवताना हनुवटीला हात लावून बसायला लागले. नाचणीची भाकरी अर्धी झाली की जबडा दमायचा. तेव्हा मात्र आईने ऐकलं नाही, फोंडाघाट चढून कोल्हापूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं.

तिथली तपासणी बघण्यासारखी होती. डॉक्टरांनी सांगितलं छताकडे बघत राहा, मान न उचलता. अर्ध्या मिनिटात उजवी पापणी उतरायला लागली, एखाद्या दुकानाचं शटर हळू हळू खाली यावं तशी. मग त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरून तो पापणीवर दोन मिनिटं धरला. काढला तर डोळा उघडा! चांगला टक्क उघडा. मी आणि आई एकमेकींकडे बघतोय. थंडीत एक एन्झाईम (शरीरातली रसायनं तोडणारं प्रथिन) मंदावतं म्हणून तसं होतं, त्यावर पुढे येते. अण्णा मात्र गावात येऊन सगळ्यांना सांगत सुटले, "डॉक्टरान माका बांगड्यासारखो बर्फात घातल्यान."

त्यानंतर चेहऱ्यावर आणि खांद्यावर बारीक बारीक करंट देऊन एक टेस्ट झाली, सेकंदाला तीन झटके, आणि प्रत्येक झटक्याला स्नायूचा प्रतिसाद आधीपेक्षा कमी. रक्त मोठ्या लॅबला गेलं. रिपोर्ट आला, ॲसिटाइलकोलीन रिसेप्टर अँटिबॉडी पॉझिटिव्ह. आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. छातीचा सीटी स्कॅनही केला कारण बरगड्यांच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते आणि या आजाराच्या शंभरातल्या दहा-पंधरा जणांत तिथे गाठ निघते. अण्णांची निघाली नाही, देवाची कृपा. तरुण पेशंट असेल तर गाठ नसतानाही ही ग्रंथी काढून फायदा होतो असं डॉक्टर म्हणाले, पण अण्णांच्या वयाला त्यांनी तो विषय पुढे नेला नाही.

आता गोळी काय करते ते. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं, पण अण्णांच्या डोक्यात ते शिरलं नाही, मग येताना गाडीत मी त्यांना आमच्या खाडीच्या भाषेत सांगितलं. मेंदूने हाताला सांगितलं हल, की तो निरोप मज्जातंतूच्या टोकापर्यंत करंटसारखा जातो. तिथे मधे एक फट आहे, मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढी. ती फट पार करायला होड्या सुटतात, म्हणजे ॲसिटाइलकोलीनचे रेणू, एका निरोपाला लाखांनी. पलीकडे स्नायूवर जेटी आहेत, त्या म्हणजे रिसेप्टर. होडी जेटीला लागली की जेटीचं दार उघडतं, सोडियम आत घुसतं आणि स्नायू आवळतो. खरं तर एका जेटीला दोन होड्या लागाव्या लागतात तेव्हा दार उघडतं, पण ते अण्णांना नाही सांगितलं. आणि काम झालं की लगेच ओहोटी. कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाईम त्या फटीतच बसलेलं असतं, ते होड्या तोडून मोकळं होतं, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागात, नाहीतर एकदा आवळलेली मूठ उघडायचीच नाही.

या आजारात आपल्याच शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी या जेटींवर हल्ला करतात. काही अडवून बसतात, काही जेटी आत ओढल्या जाऊन नष्ट होतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आसपासचा धक्काच उद्ध्वस्त होतो. होड्या भरपूर आहेत, लागायला जागा नाही. पहिल्या दोन-चार निरोपांना कसंबसं भागतं, मग प्रत्येक निरोपाला होड्याही थोड्या कमी सुटायला लागतात (तसं ते सगळ्यांचंच होतं, पण तुमच्याआमच्या जेटी इतक्या जास्त असतात की फरक पडत नाही) आणि स्नायू दमतो. म्हणून सकाळी बरं, संध्याकाळी वाईट. म्हणून भाकरीचे पहिले चार घास चालतात, पाचवा नाही.

गोळी त्या ओहोटीला अडवते. एन्झाईमला काही तास बांधून ठेवते, होड्या फटीत जास्त वेळ तरंगत राहतात, उरलेल्या जेटींना परत परत लागतात. बस, एवढंच. जेटी एकही नवीन बांधत नाही. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे ही भरती आणूक नाय, ओहोटी लांबवूक." माझ्या पूर्ण रिव्ह्यूचा मथळा त्यांनी फोंड्याच्या वळणावर देऊन टाकला.

आता प्रत्यक्ष अनुभव.

पहिली गोळी. दुपारी साडेबाराला दिली. अर्धी पोळी खाऊन. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेलो, आई तर जप करत होती. वीस मिनिटं काही नाही. पस्तीस मिनिटांनी पापणी वर. एक वाजून दहा मिनिटांनी अण्णांनी जेवायला घ्या म्हणून सांगितलं आणि सुरमईची तुकडी, भात, सोलकढी सगळं हनुवटीला हात न लावता जेवले. मी खोटं सांगत नाही, आईने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. साधारण चार वाजेपर्यंत मस्त. साडेचारला पापणी परत जागेवर. म्हणजे चार तास धरून चाला, कधी तीन, कधी साडेचार. कंपनी बदलली म्हणून यात फरक पडलेला आम्हाला दिसला नाही, तीन वेगवेगळ्या ब्रॅण्डच्या घेऊन झाल्या.

त्यामुळे या प्रॉडक्टचा सगळा खेळ घड्याळाचा आहे. जेवणाआधी पाऊण तास घेतली तर चावताना, गिळताना ताकद असते. जेवणानंतर घेतली तर ताकद येते तेव्हा ताट उचललेलं असतं. आम्ही मोबाईलवर चार अलार्म लावले. आता अण्णांचा अलार्म वाजला की आमचा कुत्रापण उठून स्वयंपाकघराकडे जातो कारण गोळीबरोबर मारी बिस्किट असतं आणि अर्धं त्याचं.

आता तक्रारी, आणि पहिली मोठी तक्रार पोटाची. पहिले दहा दिवस अण्णांचा मुक्काम मागच्या दारी. पोटात कळा, जुलाब, तोंडाला लाळ, घाम. मला वाटलं गोळी सोसत नाही. फोनवर डॉक्टर म्हणाले सोसतेय म्हणूनच होतंय, थोडं खाऊन घ्या, आणि पोटासाठी एक दुसरी गोळी लिहून दिली. पण असं का होतं ते समजून घेतलं तर चिडचिड कमी होते म्हणून सांगते.

ॲसिटाइलकोलीन फक्त हातापायाच्या स्नायूंत नाही. आतडं, लाळेच्या ग्रंथी, घाम, मूत्राशय, श्वासनळ्या, डोळ्याची बाहुली, हृदय, सगळीकडे तोच निरोप्या. पण जेट्या दोन जातीच्या आहेत. हेन्री डेल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१४ मध्ये हे वेगळं करून दाखवलं, एका जातीला तंबाखूतलं निकोटिन चालतं म्हणून ती निकोटिनिक, दुसरीला एका विषारी अळंब्यातलं मस्करिन चालतं म्हणून ती मस्करिनिक. निकोटिनिक म्हणजे थेट दार, लागलं की उघडलं, पाच तुकड्यांचं गोल नळकांडं. हातापायाचे, पापणीचे, जबड्याचे स्नायू यावर चालतात. मस्करिनिक जरा सरकारी कामासारखी, होडी लागली की आत चिठ्ठी जाते, ती पुढच्या टेबलावर, मग पुढच्या, आणि मग काम होतं. तिचे पाच प्रकार, एम१ ते एम५. एम२ हृदय सावकाश करतो, एम३ लाळ, घाम, आतडं, लघवी बघतो.

अण्णांच्या अँटिबॉडी फक्त स्नायूच्या निकोटिनिक जेटीवर तुटून पडल्यात, आतड्याच्या जेट्या ठणठणीत आहेत. पण गोळीला ते काय माहीत. ती सगळीकडची ओहोटी थांबवते. त्यामुळे जिथे जेट्या कमी तिथे जेमतेम भागतं आणि जिथे सगळ्या जेट्या शाबूत तिथे पूर येतो. डॉक्टरांनी दिलेली दुसरी गोळी या मस्करिनिक जेट्या झाकते, स्नायूच्या सोडून. धोत्र्यातलं ॲट्रोपीन हेच काम करतं (म्हणून धोत्रा खाल्लेल्याचं तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात आणि तो बरळायला लागतो), पण उगाच कोणी धोत्र्याकडे वळू नका, तो जीव घेतो.

आणि सुपारी! हे कोणीही आधी सांगितलं नव्हतं. अण्णा दिवसाला सात-आठ वेळा सुपारी कातरणारे. सुपारीतलं अरेकोलीन सरळ मस्करिनिक जेटीला लागतं, म्हणून तर सुपारी खाल्ली की लाळ सुटते आणि घाम येतो. गोळीने आधीच पूर, त्यात ही भर. डॉक्टरांनी विचारलं व्यसन काय, अण्णा म्हणाले काही नाही, सुपारी व्यसनात धरायची हेच कोकणात कुणाला पटत नाही. आता दिवसाला एक खांड, तेही आईच्या नजरेसमोर. जुलाब निम्मे झाले. अडकित्ता आईने कपाटात ठेवलाय, चावी तिच्या कमरेला.

दुसरी तक्रार माझ्या मते जास्त गंभीर आहे आणि त्यात चूक गोळीची नाही, अण्णांची आहे. गणपतीत आमच्या वाडीत भजन, शेजारच्या वाडीबरोबर डबलबारी (भजनाचा सामना) ठरलेली. या आजारात आवाज नाकातून येतो, गाताना जास्तच. अण्णांनी हिशोब केला, "एका गोळयेन गळो सुटता, तर तिनान डबलबारी जिंकतलंय." आणि आठ वाजता तीन गोळ्या एकदम घेतल्या, कोणालाही न सांगता. पहिला अभंग मस्त झाला. दुसऱ्याला लाळ. तिसऱ्याला घाम असा की सदरा पिळून काढावा, पोटात पिळवटलं, डोळ्याखालची कातडी एकसारखी फडफडायला लागली आणि पखवाजवाल्याच्या खांद्यावर मान टाकली. आम्हाला वाटलं औषध कमी पडलं, अजून एक देऊ. नशीब की मी आधी डॉक्टरांना फोन लावला. ते ओरडलेच. म्हणाले एक गोळीपण देऊ नका, ताबडतोब हॉस्पिटल.

कारण ऐका. होड्या फारच जास्त वेळ तरंगल्या तर जेट्या बधिर होतात, होडी लागली तरी दार उघडत नाही, आणि स्नायू परत कमजोर. म्हणजे औषध कमी पडलं तरी कमजोरी आणि जास्त झालं तरी कमजोरी. फरक ओळखायचा तो लाळ, घाम, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या यावरून. अण्णा रात्रभर निगराणीखाली राहिले, सकाळी ठीक. डबलबारी हरलो.

हे सगळं ऐकून अण्णांचा भाऊ, तोही बागायतदार, पटकन म्हणाला की ही लक्षणं तर फवारणी लागलेल्या माणसाची. अगदी बरोबर! ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं हेच करतात, तेच एन्झाईम बांधतात, फक्त गोळी काही तासांनी सोडते आणि ती औषधं सहजी सोडत नाहीत. म्हणून फवारणी अंगात गेलेल्या माणसाला दवाखान्यात ॲट्रोपीन टोचतात, मोठ्या डोसमध्ये, परत परत. आणि हल्ली तुडतुड्यावर आम्ही मारतो ते इमिडाक्लोप्रिड, ते एन्झाईमला हातच लावत नाही, ते सरळ किड्याच्या निकोटिनिक जेटीला जाऊन चिकटतं, माणसाच्या जेटीला तेवढं नाही चिकटत म्हणून वापरता येतं. मोहरावर बसलेला तुडतुडा आणि अण्णांची पापणी यांचा संबंध असेल असं मला कोणी वर्षभरापूर्वी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. डॉक्टरांनी अण्णांना पंपाजवळ फिरकायचं नाही अशी तंबी दिली, आता फवारणी काका करतात आणि अण्णा गड्ग्यावर बसून शिव्या देतात की मोहर सुटतोय.

आणि शेजारच्या काकांची मण्यार. नागाच्या विषात जे असतं ते नेमकं याच स्नायूच्या जेटीवर जाऊन बसतं. मण्यार दोन्हीकडून मारते, जेटीपण अडवते आणि पलीकडे होड्या सोडणारं बंदरही बंद पाडते. म्हणून असले साप चावलेल्याची एक पहिली खूण पापणी पडणं. काकांनी बघितली ती खूण बरोबरच होती, फक्त विष बाहेरून आलेलं नव्हतं. पुढे वाचताना कळलं की तैवानमधल्या मण्यारीच्या विषातून १९६३ मध्ये चँग आणि ली या दोघांनी एक पदार्थ वेगळा काढला, तो जेटीला इतका घट्ट चिकटतो की त्याच्यामुळे जेट्या मोजता यायला लागल्या, आणि १९७३ मध्ये पेशंटच्या स्नायूत त्या कमी आहेत हे दिसलं. त्याच वर्षी पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विजेच्या झटक्याचा जो ईल मासा असतो त्याच्यातला रिसेप्टर सशांना टोचला आणि ससे लुळे पडले, म्हणजे शरीर स्वतःच्या रिसेप्टरविरुद्ध जाऊ शकतं ते कळलं. अण्णांचा रक्ताचा रिपोर्ट त्या सशांमुळे आहे असं मी सांगितल्यावर ते जरा गप्प झाले.

गोळीच्या घराण्याचा इतिहासपण बरा आहे. मेरी वॉकर नावाची एक डॉक्टर, लंडनच्या ग्रीनविचमधल्या सेंट अल्फेज हॉस्पिटलात, मोठी प्रोफेसर बिफेसर नाही. तिच्या लक्षात आलं की हे पेशंट क्युरारे नावाच्या बाणाच्या विषाने लुळे पडलेल्यांसारखे दिसतात, आणि त्या विषावर उतारा आहे फायसोस्टिग्मिन. तिने १९३४ मध्ये ते टोचून बघितलं आणि पापणी उठली. आमच्याकडे साडेबाराला पस्तीस मिनिटांत जे झालं तेच. पायरिडोस्टिग्मिन त्यानंतरची, १९५५ पासून वापरात. एवढी जुनी गोळी आणि आमच्या तालुक्यातल्या मेडिकलवाल्याने नाव दोनदा स्पेलिंग करून विचारलं.

मिळण्याबद्दल बोलायचं तर मार्क कापावे लागतील. गावात नाही, तालुक्याला नाही, कणकवलीत एका मेडिकलमध्ये ऑर्डर दिली की दोन-तीन दिवसांत येते. त्या मेडिकलवाल्या दादांना मात्र पूर्ण मार्क. वहीत अण्णांची तारीख लिहून ठेवलीय, आठवडाभर आधी फोन करतात, पैसे नंतर दिले तरी चालतात. जुलैमध्ये घाटात दरड आली, माल अडकला, तेव्हा त्यांनी दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकाकडून एक स्ट्रिप उसनी मिळवून दिली. तेव्हापासून आम्ही घरात वीस दिवसांचा साठा ठेवतो. पावसाळ्यात कोकणात राहणाऱ्यांनी हे कराच.

पॅकिंग. ही गोळी हवेतला ओलावा ओढते. आम्ही हुशारी केली, आठवड्याच्या डब्यात काढून ठेवल्या, सात कप्प्यांचा तो प्लॅस्टिकचा डबा. जूनमध्ये तिसऱ्या दिवशी गोळ्यांवर ठिपके आणि चौथ्या दिवशी अर्ध्या तोडलेल्या गोळ्या चिकट, बोटाला लागणाऱ्या. पापड जिथे नरमतात तिथे ही काय टिकणार. स्ट्रिपमधून आयत्या वेळी काढायची, अर्धी तोडली तर उरलेली अर्धी पुढच्याच वेळेला संपवायची. कंपनीने स्ट्रिपवर मोठ्या अक्षरांत लिहायला काय हरकत आहे.

एक गोष्ट गोळीच्या डब्यावरही लिहिलेली नसते आणि ती आम्हाला महागात पडली. डिसेंबरमध्ये अण्णांना लघवीची जळजळ झाली. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, मी नेमकी क्लासवर, आईने आजाराचं नाव सांगितलं पण समोरच्यांनी मान डोलावून सिप्रोफ्लॉक्सासिन लिहिलं. दोन दिवसांत आवाज नाकात, पाणी नाकातून बाहेर, झोपलं की दम. आमच्याकडे घरगुती मोजमाप आहे, अण्णा एका श्वासात किती आकडे म्हणतात. एरवी ३५-३६. त्या रात्री १७. रात्री अकराला गाडी काढली. त्या जातीची अँटिबायोटिक या आजारात स्नायूचा निरोप अजून बिघडवतात, आणि तशी औषधं बरीच आहेत, काही बीपीची, हृदयाची, मॅग्नेशियमचं सलाइन. आता अण्णांच्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे लॅमिनेट केलेली यादी आहे, मराठीत आणि इंग्रजीत. त्या दवाखान्याला मी ती यादी नेऊन दिली. त्यांनी घेतली, टेबलाच्या खणात टाकली.

किमतीबद्दल, या आजाराच्या बाकी औषधांच्या मानाने ही गोळी स्वस्तातली. खरं काम बाकीचीच करतात. अँटिबॉडी तयार व्हायचं कमी करायला अण्णांना स्टेरॉइड आणि दुसरी एक गोळी चालू आहे जिचा असर दिसायलाच सहा-आठ महिने लागले. स्टेरॉइडने साखर वाढली, चेहरा गरगरीत झाला, झोप उडाली. पण गेल्या दोन महिन्यांत पायरिडोस्टिग्मिन चारवरून तीनवर आली, ती या मागच्या औषधांमुळे, म्हणजे जेट्या हळूहळू परत उभ्या राहतायत. शरीर जेट्या सारखंच नवीन बांधत असतं, फक्त पाडणारे हात थांबले पाहिजेत.

आणि ज्यांना वाटतं ही गोळी घेऊन डोकंपण तल्लख होईल, तर नाही. ही मेंदूत शिरत नाही, रक्तातून मेंदूत जाताना जी चाळणी आहे तिथे अडते. आमच्या गिरगावच्या आत्याला विसरण्याच्या आजारासाठी डोनेपेझिल दिलंय, काम तेच, ओहोटी थांबवणं, पण ती गोळी मेंदूत शिरते. तिथे जेट्यांपेक्षा होड्या सोडणारी माणसंच कमी होत गेलीत म्हणून थोडाफार फरक पडतो, जास्त नाही. अण्णा आणि आत्या फोनवर एकमेकांना गोळ्यांची नावं विचारतात आणि दोघंही पुढच्या फोनला विसरतात, आत्याला निदान कारण आहे.

तर पाचात मी साडेतीन देते. काम करते, लगेच करते, सांगितलं तेवढंच करते. अर्धा पोटासाठी कापला, अर्धा ओलाव्यासाठी, अर्धा मिळत नाही म्हणून. आईला विचारलं तर तिने पाच दिले, अण्णांनी दोन, कारण सुपारी गेली.

या वर्षीच्या पेट्या सुरू झाल्यात. काल संध्याकाळी तीनची गोळी घेऊन अण्णा पेंढ्यात बसले होते, मी समोर. साडेपाचपर्यंत बावीस पेट्या झाल्या, मी मागून गुपचूप चार उघडून मोजल्या, बरोबर होत्या. पाचवी उघडताना त्यांनी बघितलं आणि विचारलं, "काय गो, माझ्यार इस्वास नाय?" मग पापणी जराशी उतरायला लागली तेव्हा स्वतःच उठले, हात धुतले आणि सातच्या गोळीची वाट बघत पडवीत जाऊन बसले. पुढची स्ट्रिप मंगळवारच्या एसटीने येतेय.